परिसर अभ्यास की परिसर-पाठांतर?

प्राथमिक शाळांत इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचे प्राथमिक ज्ञान ज्या विषयातून दिले जाते, त्यास ‘परिसर अभ्यास’ असे गोड नाव आहे. रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्या पंतोजींचीच! गुरुजींनी फळ्यावर उत्तर लिहावे, मुलांनी ते वहीत उतरवावे व परीक्षेत ओकून मोकळे व्हावे. सहकार्याची व्याख्या तोंडपाठ. पण शेजाऱ्याने वहीत डोकावताच हाताचा आडोसा!

आमच्या शहरातील मुकुंदवाडीच घ्या. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत व सिडको यांच्या वाढीबरोबर हे खेडे शहरात विरून गेले. पोटासाठी गावोगावाहून आलेल्या नाना जातिधर्मांच्या कुटुंबांची मुले येथे एका वर्गात येतात. ती शेजारी बसतात, पण एकमेकांची होतात काय?

१९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधील ऑस्टिन शहरी गोरी, काळी व मेक्सिकन वंशाची मुले एका शाळेत येताच तंटे माजले. तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने मिश्र मुलांचे लहान गट पाडून धड्याचे तितकेच तुकडे केले. ज्याच्या वाट्यास जो तुकडा, तो त्याने इतर गटांतील त्याच तुकड्याच्या मुलांशी बसून पक्का करावयाचा व परत येऊन आपल्या गटास शिकवावयाचा. एकाचे ऐकले नाही, तर सर्वांचाच धडा अपुरा!

हीच रीत आमच्या पाण्याच्या प्रश्नास लावून पाहा. एका मुलाकडे मलिक अंबराची नहर, दुसऱ्याकडे पाणचक्की, तिसऱ्याकडे १९७६ साली पुरे झालेले पैठणचे जायकवाडी धरण. चौथ्याकडे १९२७ सालचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह. पाचवा तुकडा पुस्तकात नाहीच. नळास पाणी किती दिवसांनी येते व ते कोण भरते, हे त्या मुलीने आईस विचारून यावयाचे. ज्याच्याशी खेळू नकोस म्हणून घरी बजावले असेल, त्याच्याच तोंडून महाडची हकीकत ऐकल्यावाचून ज्या मुलाचा धडा पुरा होत नाही, त्यास समतेची निराळी व्याख्या कशास हवी?

आमचे व्यापारी बंधू म्हणतील, हुशाराने खपावे व आळशाने नफा लाटावा, अशी ही भागीदारी! शंका रास्त आहे. म्हणूनच शिकणे एकत्र, परंतु परीक्षा ज्याची त्याची व संपूर्ण धड्यावर असावी.

कायदा आड येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम कृतीतून व शोधातून शिकविण्यास सांगते. वकिलीत आयुष्य गेल्यामुळे केवळ कलमांवर आमची भिस्त नाही, हे खरे. गच्च भरलेल्या वर्गात गट पाडणे हे एकट्या शिक्षकाने सहज करावयाचे काम नव्हे, हेही आम्ही जाणतो. परंतु त्याच कायद्याने महापालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. मुकुंदवाडीच्या पालकांनी पुढील बैठकीत आठवड्यातून एक तास या रीतीसाठी मागावा, आणि त्या तासास मदतनीस म्हणून आपल्यापैकी कोण येऊन बसणार, त्यांची नावेही तेथेच लिहून द्यावीत.