‘मितानीन’ म्हणा आणि मोकळे व्हा!

‘बस्तीतले लोक सांगितलेले ऐकत नाहीत’ हा सिद्धांत भिलाईच्या सेक्टरांतील आमच्या बैठकींत इतका रूढ झाला आहे, की त्याला पुरावा लागत नाही. २०१८ साली डेंग्यूची साथ खुर्सीपारसारख्या बस्त्यांत फैलावली, तेव्हाही सारा दोष अज्ञानाच्या माथी मारून आम्ही मोकळे झालो. आठवड्याला पिंप रिकामे करून घासावे, हा सल्ला शास्त्रशुद्धच आहे; अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. परंतु नळाची वाट पाहून भरलेले पिंप ओतून द्या, असे शेजारणीला तोंडावर सांगणे किती जड जाते, हे सांगणारीलाच ठाऊक!

ही सांगणारी म्हणजे मितानीन. छत्तीसगढात ‘मितान बदणे’ म्हणजे जन्मभराचे सख्य विधिपूर्वक जोडणे. दोन घरांचे नाते त्याने जुळते. २००२ साली सरकारने हा सुंदर शब्द आरोग्ययोजनेसाठी उचलला. केंद्राच्या ‘आशा’ त्यानंतर तीन वर्षांनी आल्या. शब्द उचलला तो बरोबरच. पण सख्याला पगार कसा द्यायचा, ही सबबही त्याच्याबरोबर आयतीच मिळाली. कामागणिक ठरलेली रक्कम, वर अल्पसे मानधन, आणि हुद्दा स्वयंसेविकेचा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘आशां’चा गौरव केला, तेव्हा टाळ्या मात्र आम्ही भरपूर वाजवल्या.

येथे कोणी मराठी गृहस्थ जामखेडचा दाखला देईल. १९७० साली आरोळे दांपत्याने तेथे खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांकडून जे करून घेतले, ते पगारावर नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या बायांच्या पाठीशी स्वतः डॉक्टर उभे होते, शिक्षण सतत चालू होते, आणि धाडलेल्या रोग्याला परत हाकलून देणारे कोणी नव्हते. शिवाय ते खेडे होते. भिलाईच्या बस्तीत एका गल्लीत तेलुगू, दुसरीत ओडिया, तिसरीत भोजपुरी. क्षयाचा रोगी सहा महिन्यांच्या औषधापैकी दोन महिन्यांचे घेतो आणि रोपणीला गावी निघून जातो. त्याच्या मागे मितानीन जाणार कोठवर?

आणि सर्वांत मोठी अडचण तर आमच्याच घरात आहे. दुपारी मितानीन दार ठोठावते तेव्हा दाराला कुलूप असते. घरधनीण कोठे असते? आमची भांडी घासत असते! मुलाच्या लसीच्या दिवशी तिने सुटी मागितली, की खाडा धरून पैसे कापणाऱ्या गृहिणी आमच्याच ओळीत आहेत. आणि सायंकाळी बस्तीच्या अज्ञानावर बोलणारे त्यांचे यजमानही.

वेतनाचा प्रश्न रायपूर-दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटो. लसीच्या दिवशी दोन तासांची भरपगारी रजा देण्यास मात्र कोणत्याही मंजुरीची फाईल वर पाठवावी लागत नाही.