जीवदया पोलिसांच्या वहीतही हवी



चातुर्मासात आपण हिरवी भाजी सोडतो, पाणी गाळून पितो, जीवदयेच्या डब्यात नेमाने पैसे टाकतो. पण सोसायटीतल्या कुत्रीच्या पिल्लांना कुणी विष घातलं तर? ग्रुपवर रडके चेहरे टाकतो आणि विषय संपतो. माझ्या मते तक्रार लिहून देणं हीसुद्धा जीवदयाच आहे.

प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! त्यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणून पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात पर्यावरणाच्या गुन्ह्यांचा तक्ता असतो. त्यात वन्यजीव कायद्याला रकाना आहे, या कायद्याला मात्र अनेक वर्षं नव्हता. अमेरिकेत एफबीआय २०१६ पासून प्राण्यांवरच्या क्रौर्याचे गुन्हे वेगळे मोजते. आकडाच नसेल, तर दंड वाढवा म्हणून सरकारकडे मागायचं कशाच्या जोरावर?

ठाणे, कल्याण, डोंबिवली तिन्ही एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. प्राण्याला ठार मारलं, विष घातलं किंवा लुळं केलं असेल, तर अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लिहा. तो गुन्हा दखलपात्र आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. फोटो, तारीख, वेळ, डॉक्टरांचा कागद जोडा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

आणि वर्षातून एकदा माहिती अधिकारात विचारा: या कलमाखाली आपल्या पोलीस ठाण्यात किती गुन्हे नोंदले? मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी अर्जाचा नमुना आणते. दहा रुपयांचा स्टँप मात्र तुमचा!