खेळ उघडता आला पाहिजे

माझ्या भाच्याने तीन ईदींचे पैसे साठवून कन्सोलसाठी कंट्रोलर घेतला. साडेपाच हजारांचा. वर्ष उलटून दोन महिने झाले आणि त्याची डावी स्टिक बिघडली. बोट न लावता पडद्यावरचा खेळाडू आपोआप डावीकडे चालायला लागला. वॉरंटी बारा महिन्यांची होती. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने कंट्रोलर उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "याचं रिपेअर होत नाही, नवीन घ्या." येताना पोरगा रस्ताभर गप्प होता. घरी आल्यावर म्हणाला, "मामू, मी तर नीट वापरला होता."

त्याने खरंच नीट वापरला होता. पण चूक तुझी नाही, हे त्याला त्या काउंटरवर कोणी सांगितलं नाही. कंपनी वस्तू अशी बनवते की ती झिजणारच, आणि झिजल्यावर अपराधी वाटतं ते वापरणाऱ्याला. मला हे पटत नाही.

आधी आजार समजून घेऊ. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवताना खरखर व्हायची, आठवतं? त्या बटणाखाली पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवरून धातूची एक बारीक जीभ घासत जाते आणि ती कुठे आहे त्यावरून आवाज कमी-जास्त होतो. कंट्रोलरच्या प्रत्येक स्टिकखाली असे दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. पोरं फुटबॉल खेळताना तासाला हजारो वेळा स्टिक हलवतात. पट्टी झिजते, बारीक भुकटी साचते आणि मधोमध उभी असलेली स्टिकही आपण कलल्याचं सांगू लागते. यालाच स्टिक ड्रिफ्ट म्हणतात.

याला इलाज नाही असं नाही. लोहचुंबक आणि हॉल इफेक्ट सेन्सर वापरला तर काहीच कशावर घासत नाही, चुंबक किती सरकला तेवढं सेन्सर ओळखतो. सेगा कंपनीने 1998 साली आलेल्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं. आज लहान कंपन्या मोठ्यांपेक्षा कमी किमतीत असे कंट्रोलर विकतात. मोठ्या तीन कंपन्यांच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये मात्र जीभ आणि पट्टी अजून घासतेच आहे.

हे रडगाणं फक्त आपल्याकडचं नाही. निन्टेंडोचा स्विच 2017 मध्ये आला आणि त्याच्या जॉय-कॉनच्या ड्रिफ्टबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की अमेरिकेत दावे दाखल झाले. 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर ग्राहकांची माफी मागितली. युरोपात ग्राहक संघटनांनी पाठपुरावा केला तेव्हा 2023 मध्ये तिथे वॉरंटी संपल्यावरही दुरुस्ती मोफत करायचं कंपनीने मान्य केलं. म्हणजे दुरुस्ती होते. फक्त ती मागणारा एकटा नसावा लागतो.

आमच्या मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे बनतात. तारेच्या घर्षणाने तंबोऱ्याची घोडी झिजते, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून घोडी काढता येते, घासता येते, जवारी पुन्हा जमवता येते. गवई अधूनमधून वाद्य घेऊन येतो आणि त्यात कोणाचीच बदनामी होत नाही. झीज हा दोष नाही. झिजणारा भाग माहीत असूनही तो बदलता येणार नाही असा बसवणं, हा दोष आहे.

आता तुम्ही म्हणाल, कंट्रोलरवरून मॉडवर कुठे निघालात? माझ्या मते दोन्ही एकच प्रश्न आहे. वस्तू माझी असेल तर मला ती उघडता आली पाहिजे. कंट्रोलर स्क्रूड्रायव्हरने उघडतो, गेम फाइलींनी उघडतो, एवढाच फरक.

1993 साली आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' आणला तेव्हा जॉन कारमॅक यांनी नकाशे, चित्रं आणि आवाज मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. हे मुद्दाम केलं होतं, लोकांना आपापले नकाशे बनवता यावेत म्हणून. 1997 मध्ये सोर्स कोडही खुला केला. तीस वर्षं उलटली तरी लोक 'डूम'चे नवे नकाशे बनवतच आहेत. या एका रचनेच्या निर्णयाने त्या खेळाला जेवढं आयुष्य दिलं, तेवढं कुठल्याही जाहिरातीने दिलं नसतं.

माझ्या पिढीने सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन जो 'काउंटर-स्ट्राइक' खेळला, तो मुळात 'हाफ-लाइफ'चा मॉड. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 1999 मध्ये तो बनवला. मूळ गेमच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, त्यांना कोर्टात खेचलं नाही, कामावर घेतलं. 'वॉरक्राफ्ट 3'सोबत मिळणाऱ्या नकाशे बनवण्याच्या साधनातून 2003 मध्ये 'डोटा' जन्मला. त्याच्या पुढच्या अवताराच्या 2021 च्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची रक्कम 4 कोटी डॉलरच्या वर होती. खेळाडूला हात लावू दिला म्हणून हे घडलं.

आणि आमच्या घरातलं उदाहरण सांगतो. भाचा मोबाइलवर एक इंडोनेशियन गेम खेळतो, 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. त्यात बसचा रंग बदलता येतो, स्वतः बनवलेलं वाहनही घालता येतं. केरळच्या पोरांनी त्यात आपल्या बसेस आणल्या, आपल्या पोरांनी एसटीची लालपरी आणली. एक दिवस मी पाहिलं तर जावा बेटावरच्या रस्त्यावरून लाल-पिवळी एसटी चालली होती आणि पाटीवर 'मिरज-पंढरपूर' लिहिलेलं होतं. पाटी भाच्याने स्वतः लिहिली होती. त्यासाठी फोटो एडिटिंग शिकला, अक्षरं उलटी का दिसतात हे दोन दिवस शोधत बसला. शाळेत संगणकाच्या तासाला तो जांभया देतो. इंडोनेशियातल्या कोणा प्रोग्रॅमरने दार किलकिलं ठेवलं, म्हणून मिरजेतलं एक पोरगं काहीतरी बनवायला शिकलं.

दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. ऑनलाइन सामन्यात मॉडच्या नावाखाली भिंतीपलीकडचा शत्रू पाहणारे लबाड असतात. तिथे कुलूप हवंच, कारण तिथे दुसऱ्याचा डाव बिघडतो. पण एकट्याने खेळायच्या गेमला तेच कुलूप कशाला? उबिसॉफ्टचा 'द क्रू' 2014 मध्ये आला. एकट्याने गाडी चालवायची तरी सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला गेम निरुपयोगी झाला. लोकांनी त्यातून चळवळ उभी केली आणि युरोपात दहा लाखांवर सह्या जमल्या. मला ही माणसं हट्टी वाटत नाहीत. विकत दिलेली वस्तू परत हिसकावून घेऊ नका, एवढंच ती म्हणतात.

आणखी एक चलाखी. 2020 मध्ये 'वॉरक्राफ्ट 3'ची नवी आवृत्ती आली तेव्हा अटींत लिहिलं होतं की खेळाडूने बनवलेला नकाशा कंपनीच्या मालकीचा राहील. 'डोटा' हातातून निसटल्यावर सुचलेलं हे शहाणपण. दार उघडं ठेवायचं, पण आत कोणी काही बनवलं तर ते आपलं, ही उदारता नव्हे.

म्हणून चांगल्या गेम डिझाइनची माझी व्याख्या साधी आहे. ग्राफिक्स नंतर पाहू. मला बटणं हवी तशी बदलता येतात का? डेड झोन, म्हणजे स्टिकची किती हालचाल दुर्लक्षित करायची, हे माझ्या हातात आहे का? एवढी एक सेटिंग दिली तर थोडा बिघडलेला कंट्रोलरही आणखी काही महिने निघतो. सर्व्हर बंद पडला तर गेम चालतो का? आणि त्यात मला माझं काही घालता येतं का?

कंट्रोलरचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याने मागचे स्क्रू काढले, स्टिकचा जुना भाग सोल्डरिंग गनने सोडवला. चौदा पाय असतात त्याला, एकेक सोडवावा लागतो. हॉल इफेक्टवाला नवा भाग बसवला, मग स्टिकचा मध्य जमवायला बराच वेळ घेतला. साडेसहाशे रुपये आणि पाऊण तास. भाचा स्टुलावर बसून सगळं पाहत होता. जुना भाग त्याने मागून घेतला, घरी येऊन फोडला आणि आतली झिजलेली काळी पट्टी मला दाखवली. "मामू, बघा. ही झिजली होती."

या वेळी त्याच्या आवाजात अपराध नव्हता. पुढच्या वेळी दुकानात कंट्रोलर घ्यायला जाल तेव्हा रंग नंतर निवडा. आधी विचारा, हा बिघडल्यावर उघडता येतो का?