लाथ गादीवर मारली म्हणून?

गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांपासून कोल्हापूरच्या खासबागेपर्यंत कुस्ती म्हणजे आपला जीव की प्राण. जत्रा असो वा ऊरूस, मैदान भरतंच. म्हणूनच 2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत घडलं ते जिव्हारी लागलं. निकाल विरोधात गेला म्हणून शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. कुस्तीगीर संघाने 3 वर्षांची बंदी घातली.

‘खेळातलं भांडण खेळातच मिटवा, पोलीस कशाला?’ असं अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. निकाल चुकला असेलही. त्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. पण लाथ ही दाद नव्हे.

कायदा खेळाडूला पुरेशी मोकळीक देतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 25 नुसार संमतीने खेळताना, दगाफटका न करता झालेली इजा गुन्हा ठरत नाही. पण ही संमती प्रतिस्पर्ध्याची. पंच लाथ खायला कबूल होऊन गादीवर उतरत नाही.

2004 मध्ये कॅनडात आइस हॉकीपटू टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारला. मूरच्या मानेचे मणके मोडले, कारकीर्द संपली. बर्टुझीला बंदी झालीच, शिवाय न्यायालयात गुन्हाही कबूल करावा लागला.

बंदीने संघाची शिस्त राहते. मार खाणाऱ्याला न्याय मिळत नाही. गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर कंडक्टरला मारलेली लाथ गुन्हा असेल, तर पंचाला मारलेली का नाही?