खराट्यांतील समसंबंध

शिष्यवृत्ति-परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणींत ‘समसंबंध’ नांवाचा एक प्रकार असतो. पक्ष्याला घरटें, तर माणसाला काय? हें जमावें म्हणून अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतून मुलांना शिकवणीला धाडतात; त्यांच्याकडून अंगण झाडून घेणें म्हणजे मात्र अभ्यास बुडविणें! आमचें मत नेमकें उलट आहे. दोन भिन्न गोष्टींतला एकच संबंध ओळखण्याची शक्ति कृतीच्या आंखणींतून पोसली जाते. पुस्तकाचा वांटा नंतरचा.

अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास मामाच्या शेतांत राबत वाढले. अक्षरओळख नव्हती. ज्या गांवीं जात तेथले रस्ते आधीं झाडीत, आणि रात्रीं कीर्तनांत प्रश्नामागून प्रश्न विचारून तीच झाडणी नवस, पशुबळी, कर्ज यांच्याकडे वळवीत. दृष्टांत म्हणजे अडाण्यांसाठीं सोपा केलेला तर्क, असें विद्वान म्हणतात. ज्यांनीं कधीं खराटा धरला नाहीं त्यांनाच हें सुचावें! वारा कोठून आहे, उतार कोणीकडे, ढीग कोठें घालावयाचा, आधीं काय उचलावयाचें, हें सारें हात हलण्यापूर्वीं ठरवावें लागतें. साध्य, साधन, क्रम, अडथळा असा सांगाडा मनांत उभा राहतो. त्यांतून कचरा काढून तेथें कर्ज ठेवलें तरी तो मोडत नाहीं.

हें निव्वळ भाविकाचें बोलणें नव्हे. इटलींतील पार्मा येथील संशोधकांनीं माकडांना दोन तऱ्हेचे चिमटे वापरावयास शिकविलें. त्यांचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. एक चिमटा मूठ आवळली कीं मिटे, दुसरा मूठ सोडली कीं मिटे. हालचाल अगदीं उलट. तरी कृतीची आंखणी करणाऱ्या मेंदूच्या भागांतील पेशी ‘पकडणें’ या हेतूलाच अनुसरून जागृत झाल्या. (माकडाला दृष्टांत सुचतो असें आम्ही म्हणत नाहीं. बीज म्हणजे झाड नव्हे.) साधन बदलावें, हालचाल बदलावी आणि हेतु तोच ओळखू यावा, याहून समसंबंध निराळा तो काय?

यावर कोणी विचारील, मग रस्ते झाडणारे सगळेच गाडगेबाबा कां होत नाहींत? प्रश्न रास्त आहे. हातानें सांगाडा मिळतो, तो उचलून दुसरीकडे नेण्याचें धाडस मिळतेंच असें नाहीं. पण ज्यांच्या हातीं आपण पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून खराटा दिला, त्यांना सभेपुढें उभें राहून बोलूं कोण देत होतें?