नव्या वहाणेचें चावणें

कोल्हापुरी वहाण विकत घेणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गांतील गृहस्थ ती घरीं आणून कोनाड्यांत ठेवितो, एखाद्या लग्नाच्या वा शिवजयंतीच्या दिवशीं प्रथमच पायांत सरकवितो, आणि दुपारपर्यंत अंगठ्याच्या मुळाशीं फोड आला कीं कारागिराच्या नांवानें बोटें मोडतो. पुढें वर्षभर तो तिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. दुसऱ्या वर्गांतील मनुष्य ती रोज थोडा थोडा वेळ घालतो. महिन्याभरानंतर पहिल्याची वहाण नवीच असते. दुसऱ्याची मात्र खरोखर त्याची झालेली असते. हा दुसरा वर्ग झपाट्यानें कमी होत चालला आहे, आणि आमच्या मतें कोल्हापुरी वहाणेस जो खरा धोका आहे तो हाच होय.

नवी वहाण चावते हें कोणीहि नाकारीत नाहीं. पण ती कां चावते, याचा विचार फार थोडे लोक करितात. अस्सल कोल्हापुरी वहाणेचें कातडें बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत कमाविलेलें असतें, आणि या कामास कित्येक आठवडे लागतात. सालींतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंस बांधून टाकतें व त्यांच्यामधील पोकळी भरून काढतें. म्हणून तें कातडें घट्ट, जाड व ताठ होतें. म्हशीच्या अशा कातड्याचे थर एकावर एक ठेवून ते चामड्याच्याच वादीनें शिवितात. जुन्या पद्धतीच्या वहाणेंत खिळा सांपडावयाचा नाहीं. दोन्ही बाजूंचे कान, वरचा पट्टा व अंगठ्याची वादी हींहि त्याच जातीच्या कातड्याचीं. चावतात तीं बहुधा हींच ठिकाणें.

परंतु याच कातड्याचा दुसरा एक गुण आहे. किंचित् ओल व ऊब मिळाली कीं तें दाबाप्रमाणें आकार घेतें, आणि सुकल्यावर तो आकार सोडीत नाहीं. पायाचा घाम व ऊब, चालतांना पडणारा शरीराचा भार, यांनीं तळावर टांचेचा व बोटांचा ठसा हळूहळू उमटतो, पट्टा पायाच्या उंचवट्यावर बसतो, आणि वहाण त्या एका पायाची होते. क्रोमच्या क्षारांनीं थोडक्या दिवसांत कमाविलेलें कातडें पहिल्या दिवसापासून मऊ असतें खरें. पण तें दाबलें तरी पुनः उसळून मूळच्या आकारास येतें. तें चावत नाहीं आणि ओळखहि धरीत नाहीं. जो ताठपणा प्रथम दुखवितो, त्याच्याच पोटीं पुढचें सुख आहे. एक काढून टाकून दुसरें ठेवणें कोणाहि कारागिरास साधणारें नाहीं.

ही गोष्ट कोल्हापुरापुरतीच आहे असें नव्हे. थंड मुलखांत बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. आपल्याकडे सिमल्यास १९२० सालापासून त्याचें उघडें मैदान आहे. त्या खेळाचे बूट घोट्यास आधार मिळावा म्हणून मुद्दाम ताठ केलेले असतात. नवा जोड घेतलेला खेळाडू एकदम मैदानावर उड्या मारावयास जात नाहीं; तो प्रथम पात्यांवर आच्छादन चढवून घरांतल्या घरांत फिरतो, मग थोडा वेळ बर्फावर उतरतो. हल्लीं असे कांहीं बूट भट्टींत ऊन करून पायावर बसवितात. तेथें कोणी चांभारास शिव्या देत नाहीं, कारण ताठपणा कशासाठीं आहे हें तो खेळाडू जाणतो.

आपल्याकडील रीत याहून अवघड नाहीं. वहाण घेतल्यावर कान, पट्टा व अंगठ्याची वादी यांच्या आंतल्या कडांस बोटानें खोबरेल वा एरंडेल चोळावें, आणि रात्रभर तें मुरूं द्यावें. वहाण तेलांत बुडवूं नये; फार तेलानें कातडें लिबलिबित होतें. दुसऱ्या दिवशीं अर्धा तास अंगणांत फिरावें, मग काढून ठेवावी. असें आठ-पंधरा दिवस वेळ वाढवीत न्यावें. पाण्यांत भिजत घालण्याचा उपाय कांहीं जण सुचवितात, तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं; त्यानें थर फुगतात व शिवण सैल पडते. भिजलीच तर उन्हांत किंवा चुलीजवळ न ठेवितां सावलींत वाळवावी, नाहींतर तिला भेगा पडतील. म्हणून मृग लागण्यापूर्वीं वहाण माळ्यावर गेलेली बरी, आणि खरेदीचा काळ म्हणजे दसऱ्यानंतरचा. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते या वस्तूच्या बाबतींत कौतुकाचे नसून परीक्षेचे असतात, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें.

येथें कोणी असें विचारील कीं, मनुष्यानें वस्तूसाठीं दुःख कां सोसावें? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक चावणें सोसण्याजोगें नसतें. टांच मागें बाहेर येत असेल, करंगळी कानाखालीं चेंगरत असेल, तर दोष मापाचा आहे. अशी वहाण जन्मभर चावेल, ती परत करावी आणि पाय मापून दुसरी घ्यावी. मधुमेहामुळें ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे त्यांनीं तर या वाटेस जाऊंच नये. त्यांस लहानशी जखमहि महागांत पडते. पण निरोगी पायाच्या तरुणानें पंधरा दिवसांच्या चरचरीस कंटाळून वहाण टाकावी, हें आम्हांस समजत नाहीं. त्याच तरुणास तालमींत अंग दुखलें तर अभिमान वाटतो!

या कंटाळ्याची किंमत दुसरेच भरीत आहेत. गिऱ्हाइकास पहिल्या दिवशींच मऊपणा हवा, म्हणून बाजारांत क्रोमचें कातडें, तर कोठें निव्वळ कृत्रिम पट्टे येतात आणि तेंहि ‘कोल्हापुरी’ याच नांवानें विकलें जातें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं उत्तेजन दिलेला हा धंदा. यांतील वेणी गुंफण्याचें नाजूक काम कारागिरांच्या घरांतील स्त्रिया करीत आल्या. वस्तूची स्तुति झाली, पण ती करणाऱ्या हातांस समाजानें त्या मानानें मान दिला नाहीं, आणि दामहि नाहीं. २०१९ सालीं या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यांत येतात. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन कंपनीनें मिलान येथील प्रदर्शनांत अगदीं अशाच वहाणा मांडल्या, पण कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं, तेव्हां आपल्याकडे केवढा गहजब झाला! पुढें कंपनीनें मूळ भारतीय कारागिरीचें असल्याचें मान्य केलें. तो राग योग्यच होता. तथापि रागावलेल्यांपैकीं किती जणांच्या पायांत त्या दिवशीं मुरलेली कोल्हापुरी वहाण होती, हें विचारावेंसें वाटतें. परक्यानें नांव घेतलें नाहीं याचें दुःख मोठें, आणि आपण ती वस्तु वापरीत नाहीं याचें कांहींच नाहीं, हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

विद्यार्थिमित्रांच्या बाजूनें एक सूचना करावीशी वाटते. आठवडाभर शाळेंत बूट आवश्यक आहेत, कवाइतीस व खेळास तेच योग्य, याविषयीं वाद नाहीं. परंतु दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत, शनिवारच्या सकाळच्या शाळेस, ज्यांची इच्छा असेल त्यांना वहाणा घालून येण्याची मुभा असावी. तीन-चार तासांची ती शाळा नवी वहाण मुरविण्यास अगदीं बेताची आहे, आणि पुढें उन्हाळ्यांतील लग्नसराईंत फोडांची तक्रार उरणार नाहीं. शिक्षकवर्गाचा आक्षेप आवाजाचा असेल तर तो मात्र आम्हांस मान्य आहे. तळाच्या थरांत मुद्दाम ‘विंचू’ बसवून करकरविलेली वहाण रस्त्यावर कितीहि शोभली, तरी गणिताच्या तासास ती वर्गाच्या दाराबाहेरच उतरविली पाहिजे.