चंद्रावर पृथ्वीची सावली रोज पडत नाही!



राष्ट्रीय अवकाश दिनानिमित्त शाळांमध्ये झालेल्या कार्यक्रमांची छायाचित्रे या आठवड्यात आपण छापलीत. थर्माकोलचे विक्रम लँडर, चंदेरी कागद गुंडाळून उभे केलेले छोटे अंतराळवीर, रांगोळीतले रॉकेट. मुलांच्या उत्साहाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच दिवशी आमच्या भागातील एका माध्यमिक शाळेत झालेल्या प्रश्नमंजूषेबद्दल. चांद्रयान-३ चंद्रावर कधी उतरले? २३ ऑगस्ट २०२३. रोव्हरचे नाव काय? प्रज्ञान. मुले फटाफट सांगत होती. मग प्रश्न आला, चंद्राच्या कला कशामुळे दिसतात? नववीतल्या मुलीने हात वर करून सांगितले, ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून.’ शिक्षकांनी हातातला कागद पाहिला, ‘बरोबर’ म्हणाले आणि फळ्यावर दहा गुण लिहिले. टाळ्याही पडल्या.

हे उत्तर साफ चूक आहे. नंतर मी हे शाळेच्या कानावर घातले, तेव्हा ‘कार्यक्रम झाला, आता कशाला?’ असे ऐकावे लागले. म्हणून हे पत्र.

शुद्ध चतुर्थीला संध्याकाळी चंद्राची कोर पश्चिमेला असते. सूर्यही नुकताच पश्चिमेलाच मावळलेला असतो. म्हणजे पृथ्वीची सावली पसरलेली असते पूर्वेकडे, नेमकी उलट्या दिशेला. ती पश्चिमेच्या चंद्रावर पडणार तरी कशी? पृथ्वीची सावली चंद्रावर पडू शकते ती फक्त पौर्णिमेला, आणि ती पडली की आपण त्याला चंद्रग्रहण म्हणतो. एरवी चंद्राचा अर्धा गोल उन्हात उजळलेलाच असतो. त्या उजळ अर्ध्यातला किती भाग आपल्याकडे वळला आहे, एवढेच रोज बदलते.

त्या मुलीला मी दोष देत नाही. ही समजूत जगभर आढळते आणि ती फार चिवट आहे. अमेरिकेत १९८७ साली ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ हा माहितीपट निघाला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला आलेल्या २३ विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले होते. २१ जणांचे उत्तर चुकले. तेव्हा गावाकडची मुले, गावाकडचे शिक्षक म्हणून कोणी नाक मुरडू नये.

पाठ्यपुस्तकात कलांची आकृती असते आणि ती चुकीची नसते. पण ती अंतराळातून, वरून पाहिल्यासारखी काढलेली असते. मूल उभे असते खाली मैदानात. खालून दिसणारा चंद्र आणि वरून काढलेली आकृती यांची सांगड मुलाने स्वतःच्या डोक्यात घालायची, आणि ती घालायला त्याला कोणी मदत करायची नाही, असा आपल्याकडचा रिवाज आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांबरोबर नेमके यावरच काम केले. प्रतिकृती, हातवारे आणि आकृत्या यांची जोड देऊन मुलांना खगोलशास्त्र कसे उमजते, हे त्यांनी अभ्यासले. एवढे काम आपल्याच राज्यात झालेले असताना ते आमच्या तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणापर्यंत का पोचत नाही?

साहित्य म्हणाल तर एक बल्ब, एक पेन्सिल आणि पांढरा प्लास्टिकचा चेंडू. मी शिकवत असताना हे दरवर्षी करत असे. वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या. चेंडू पेन्सिलीला खोचून मुलाने हात लांब करून डोक्यापेक्षा जरा वर धरायचा आणि स्वतःभोवती डावीकडे सावकाश वळायचे. मुलाचे डोके ही पृथ्वी. बल्बकडे तोंड असताना चेंडूची काळी बाजू दिसते, ती अमावास्या. थोडे वळले की उजव्या कडेला बारीक कोर उमटते, मग अर्धा चेंडू, आणि पाठ बल्बकडे झाली की पूर्ण उजळलेला. आता हात किंचित खाली आणायला सांगायचे. मुलाच्या डोक्याची सावली चेंडूवर येते आणि ग्रहण लागते! कला वेगळ्या आणि ग्रहण वेगळे, हे मूल तिथेच ओरडून सांगते. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हेही मग त्याला पटते.

‘आकाश रात्री दिसते आणि शाळा दिवसा भरते’ ही सबब मला अजिबात मान्य नाही. वद्य अष्टमीच्या आसपास सकाळी आठ-नऊ वाजता, परिपाठाच्या वेळी, अर्धा चंद्र पश्चिमेच्या आकाशात स्वच्छ दिसतो. दसऱ्यानंतर आभाळ निवळले की तर हमखास. उन्हात उभे राहून तोच पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने धरला की चेंडूही तसाच अर्धा उजळलेला दिसतो. दोन मिनिटांचे काम आहे.

ऋतूंचीही तीच गत. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते’ असे सांगणारी मुले प्रत्येक वर्गात आहेत. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. मैदानात मीटरभर काठी रोवा. पुण्यात २२ डिसेंबरला तिची मध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते, २१ मार्चला ३३ च्या आसपास. सूर्य किती वर चढला ते मुले फूटपट्टीने मोजतील. त्यासाठी फुगवलेल्या फिरत्या तारांगणाचे शुल्क पालकांकडून गोळा करायला नको.

शिक्षकांचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. उपक्रमाचा फोटो ग्रुपवर टाकला की उपक्रम झाला, असे वरूनच ठरते. थर्माकोलच्या यानाचा फोटो झकास येतो. वर पाहणाऱ्या चाळीस मुलांचा येत नाही. सर्वेक्षणे, याद्या, ऑनलाइन माहिती यांतून उरलेल्या वेळात शिक्षक तरी काय करणार? आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ज्या शाळांच्या मैदानांवर मुले रात्री आकाश पाहू शकली असती, तिथे हायमास्ट दिवे उभे राहिले आहेत. आमच्याकडचा तर मैदानात चिटपाखरू नसले तरी पहाटेपर्यंत जळतो. कृत्तिकांचा पुंजका तिथून आता दिसत नाही. ग्रामपंचायतीने तो दिवा रात्री दहाला बंद करावा आणि विजेचे बिलही वाचवावे.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. आपण बारा राशींचे भविष्य रोज छापता, पण चंद्रोदयाची वेळ फक्त संकष्टीला. ती रोज छापा, चंद्रास्ताची वेळ आणि त्या दिवशीच्या चंद्राचे छोटे चित्रही द्या. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हे मुलांना आपल्याच अंकावरून ताडून पाहता येईल, आणि शिक्षकांना परिपाठात दाखवायला रोज काहीतरी मिळेल. जागा कमी पडत असेल तर भविष्याच्या दोन ओळी कमी करा.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. सातारा